ईआरपीत खरं लिहायला तयार कोण आहे?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण औद्योगिक पट्ट्यातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. लेखकाचं नाव नाही, खाली नेहमीप्रमाणे ‘जसा आला तसा पुढे पाठवला’. त्याचं सार असं: पुण्यातले मोठे कारखाने परदेशी टेक्नॉलॉजी आणूनच मोठे झाले, करार झाला आणि ड्रॉइंग हातात आली की टेक्नॉलॉजी आली, डॅशबोर्डवर जितके आकडे जास्त, तितके निर्णय चांगले, ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन यांची एकत्र नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं की माहिती आपोआप अचूक होते, जुना डेटा मागाहून साफ करता येतो, आणि जे हे करणार नाहीत ते दहा वर्षांत बंद पडतील.

शेवटच्या भाकिताला उत्तर देण्यात अर्थ नाही. बाकीच्या पाचांना मात्र उत्तर आहे.

पहिला मुद्दा पुण्याच्या इतिहासाचा. परदेशी तंत्रज्ञान आलं, हे खरं. त्यावेळच्या टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९५४ मध्ये डाइम्लर-बेंझशी करार केला. तो पंधरा वर्षांचा होता आणि १९६९ मध्ये संपला. पण त्या करारातले ट्रक जमशेदपूरला बनत होते. पिंपरीचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा कराराची शेवटची वर्षं चालू होती. कंपनीचं इंजिनिअरिंग संशोधन केंद्र पुण्यात १९६६ मध्ये सुरू झालं, आणि पुण्यात तयार झालेलं पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं १९७७ मध्ये. मधली अकरा वर्षं काय चाललं होतं? शिकाऊ मुलं घडवणं, मशीन टूल आणि डाय स्वतः बनवायला शिकणं. फॉरवर्डमध्ये या अकरा वर्षांबद्दल एक ओळही नाही, कारण त्या काळात विकत आणल्याचा फोटो निघत नाही.

त्याचं फळ १९८६ मध्ये दिसलं. हलक्या ट्रकच्या बाजारात तेव्हा चार भारत-जपानी जोड्या उतरल्या होत्या: डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा आणि आयशर-मित्सुबिशी. चौघांकडे उत्तम जपानी तंत्रज्ञान होतं. त्यांच्यासमोर टेल्कोने स्वतः विकसित केलेली ४०७ आणली आणि बाजार तिने घेतला. फॉरवर्डचं गणित बरोबर असतं, तर निकाल उलटा लागायला हवा होता. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९८५ नंतर येन झपाट्याने महाग झाला, त्यामुळे जपानमधून सुटे भाग आणणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. म्हणजे हा विजय निव्वळ इंजिनिअरिंगचा नव्हता. पण ज्याला भाग इथेच बनवता येत होते त्याला येनचा चटका बसला नाही, हेही त्याच हिशेबातलं आहे.

दुसरा मुद्दा: करार म्हणजे टेक्नॉलॉजी. याला पुण्याजवळचंच उत्तर आहे, हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं. कोव्हिशील्ड सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्याहून बोलकी वाटते ती आफ्रिकेसाठीची मेनिंजायटिस-ए लस, मेनआफ्रिव्हॅक. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही आरोग्य क्षेत्रातली संस्था यांचा हा प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाला. लसीतली शर्करा प्रथिनाला जोडण्याची पद्धत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या प्रयोगशाळेत विकसित झालेली होती, ती सीरमकडे आली. लस बुर्किना फासोमध्ये दिली जाऊ लागली डिसेंबर २०१० मध्ये, एका डोसला अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. पद्धत हातात आल्यावरही वर्षं गेली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या भांड्यात जे जमतं ते मोठ्या टाकीत तसंच जमत नाही, आणि ते जमवण्याचं काम इथल्या माणसांनाच करावं लागलं.

लस क्षेत्रातली एक शिस्त इंजिनिअरिंगवाल्यांनी जरूर पाहावी. तिथे हस्तांतरण म्हणजे फक्त प्रक्रिया देणं नसतं, चाचणीही हस्तांतरित करावी लागते. एकच नमुना देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या अशा दोन्ही प्रयोगशाळांत तपासतात आणि निकाल ठरलेल्या मर्यादेत जुळले तरच गाडी पुढे जाते. आपल्याकडे ग्राहकाच्या मेट्रॉलॉजीत (मापन विभागात) भाग नापास होतो, आपल्या गेजवर (मोजण्याच्या साधनावर) तोच पास असतो, आणि मग महिनाभर ईमेलवर भांडण चालतं. दोघं एकच माप वाचतात की नाही हे आधी तपासायचं असतं, हे आपल्याला लॉट परत आल्यावर आठवतं.

बाहेरचं ज्ञान ओळखून, पचवून वापरण्याची ताकद आधीच्या ज्ञानावर अवलंबून असते, ही मांडणी वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल या अभ्यासकांनी १९९० मध्ये केली. तेव्हापासून या विषयावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण तिथूनच सुरुवात करतो. व्यवहारात अर्थ एवढाच: टूलरूम (साचे-हत्यारं बनवणारा विभाग), सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) आणि प्रक्रिया समजणारा एखादा तरी इंजिनिअर आधीपासून नसेल, तर ड्रॉइंग कपाटात राहतात.

डॅशबोर्डच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. डीलोन आणि मॅक्लीन या अभ्यासकांनी १९९२ मध्ये माहिती प्रणालीच्या यशाची मांडणी केली, तेव्हा प्रणालीचा दर्जा आणि माहितीचा दर्जा हे दोन वेगळे घटक धरले होते. स्क्रीन झकास आणि आकडा खोटा, हे सहज शक्य आहे. शिवाय आकडा नुसता बरोबर असून भागत नाही, वेळेवरही हवा. परवाच्या शिफ्टचं रिजेक्शन (नापास झालेला माल) आज दुपारी कळलं तर तोपर्यंत माल डिस्पॅच झालेला असतो.

आता खरा मुद्दा. ‘ईआरपी टाकलं की माहिती अचूक होते.’ हे वाक्य वाचून स्टोअरकीपर हसत असतील.

बार स्टॉक (धातूच्या सळया) किलोने येतो, चलनावर किलो असतात. बीओएममध्ये (एका वस्तूला काय किती लागतं त्या यादीत) तोच नगांत किंवा मिलिमीटरमध्ये मांडलेला असतो. कटिंगला जाणारी ब्लेडची जाडी आणि टोकाला उरणारे तुकडे कुणी धरलेलेच नसतात. सहा महिन्यांत स्क्रीनवरचा साठा आणि रॅकवरचा साठा यांची ओळखही राहत नाही. मग सुपरवायझर ईआरपी बघत नाही, सरळ उठून रॅकपाशी जातो. प्रणाली तिथेच संपते, वार्षिक मेंटेनन्सचे पैसे तेवढे जात राहतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

याचं फार मोठ्या आकाराचं उदाहरण कॅनडात घडलं. टार्गेट या अमेरिकन कंपनीने २०१३ मध्ये तिथे दुकानं उघडली, ईआरपी सॉफ्टवेअर सॅप या कंपनीचं घेतलं आणि जानेवारी २०१५ मध्ये १३३ दुकानं बंद करण्याची घोषणा केली. घाईघाईत हजारो वस्तूंची माहिती भरताना सेंटिमीटरच्या जागी इंच गेले, लांबी-रुंदीची अदलाबदल झाली. गोदामं ओसंडत होती आणि दुकानातली फडताळं रिकामी. यातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग मात्र इंचांचा नाही. नंतरच्या वार्तांकनानुसार, माल उपलब्ध असण्याच्या टक्केवारीवर जोखले जाणारे काही कर्मचारी त्या वस्तूंची आपोआप मागणीची सोयच बंद करत होते, म्हणजे ती वस्तू ‘संपली’ असं दिसत नसे. आकडा छान, फडताळ रिकामं.

आपल्याकडे हेच रिजेक्शनच्या नोंदीत होतं. जॉब (मशीनवर बनणारा भाग) खराब झाला की ऑपरेटरला सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचं, आणि वर अपेक्षा अशी की त्याने टॅबवर खरी संख्या टाकावी. का टाकेल? खराब जॉब स्क्रॅपच्या पेटीत तळाला जातात, किंवा ‘सेटिंग पीस’ (मशीन लावताना वाया गेलेला नग) म्हणून नोंदले जातात. मशीन बंद पडल्याच्या कारणांची यादी उघडा. सगळ्यात जास्त वेळा निवडलेलं कारण बहुतेकदा यादीतलं पहिलं असतं किंवा ‘इतर’. त्यावर पॅरेटो (कुठलं कारण किती वेळा आलं याची उतरती मांडणी) काढून रिव्ह्यू मीटिंगमध्ये रंगीत आलेख दाखवला जातो, मालक मान डोलावतात, आणि इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) का तुटतोय ते रात्रपाळीच्या सेटरशिवाय कुणालाच माहीत नसतं. सॉफ्टवेअर इथे काहीच करू शकत नाही. त्याला मिळालेली नोंद ते इमानदारीने जपतं, बेरीज चुकत नाही.

म्हणून ‘जुना डेटा मागाहून साफ करू’ हे तर उफराटंच. जुना डेटा घाण झाला तो ज्या सवयींमुळे, त्या सवयी नव्या प्रणालीत पहिल्या दिवसापासून चालू असतात. त्यात नव्या प्रणालीत चुकीच्या आकड्यावरून खरेदीची मागणी आपोआप निघते, म्हणजे चूक आता पैसे खर्च करते.

दहा-बारा मशीनच्या वर्कशॉपला काय करता येईल? रोज स्टोअरमधल्या ठरावीक थोड्या वस्तू मोजायच्या, महाग आणि वेगाने फिरणाऱ्या आधी. फरक आला की लगेच आकडा दुरुस्त करायचा नाही. आधी कारण लिहायचं: चलन उशिरा चढलं, एककात घोळ, रिवर्कला (दुरुस्तीला) गेलेला माल परत आल्याची नोंद नाही, ड्रॉइंगचं जुनं रिव्हिजन वापरलं. आणि रिजेक्शन सांगणाऱ्याला त्या आठवड्यात तरी बोलायचं नाही. याला वही आणि पेन पुरतात. विक्रेता आला की त्याचा तयार डेमो बघू नका. आपला सगळ्यात त्रासाचा एक भाग द्या, किलोत येणारा आणि नगांत जाणारा, मध्ये एकदा बाहेर प्लेटिंगला जाऊन येणारा, आणि म्हणा, हा एवढा चालवून दाखवा.