बेट्स गेला नाही, त्याला घालवला

१ नोव्हेंबर २०२५ ची रात्र, टोरांटो. अमेरिकन बेसबॉलच्या अंतिम लढतीचा, वर्ल्ड सिरीजचा, सातवा आणि निर्णायक सामना, अकरावी इनिंग, लॉस एंजेलिस डॉजर्स ५-४ नं पुढे. टोरांटोच्या ब्लू जेजचा एक गडी बाद झालेला, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. त्यांच्या कर्कची बॅट मोडली आणि चेंडू घरंगळत शॉर्टस्टॉपकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाकडे गेला. त्यानं तो उचलला, पळत जाऊन दुसऱ्या बेसवर पाय टेकवला आणि पहिल्या बेसवर फ्रीमनकडे फेकला. डबल प्ले, एकाच चेंडूवर दोन गडी बाद. डॉजर्स सलग दुसऱ्यांदा विजेते. तो शॉर्टस्टॉप मूकी बेट्स होता. २०१४ ते २०१९ तो आमचा होता, बोस्टन रेड सॉक्सचा, आणि आमच्याकडे असताना राइट फील्डला, लांब उजवीकडे, उभा राहायचा.

हिवाळा लागला, खेळाडूंच्या अदलाबदलीचे दिवस आले, की रेड सॉक्सच्या चाहत्यांमध्ये बेट्सचा विषय निघतोच. यंदा त्या डबल प्लेमुळे जरा जास्तच निघाला. आणि त्याच्या मागोमाग तो ठरलेला दावाही आला: "बेट्स बोस्टनला राहणारच नव्हता, त्याला बाजारातच उतरायचं होतं. फुकट गमावण्यापेक्षा तीन तरुण खेळाडू मिळाले ते बरं. कराचा बोजा उतरला. संघ पुढच्याच वर्षी सावरला. आणि तिशीकडे निघालेल्या माणसाला बारा वर्षांचा करार कोण शहाणा देतो?"

इतकी वर्षं हे इतक्यांदा सांगितलं गेलंय, की बोस्टन परिसरातली आमची मराठी मित्रमंडळीसुद्धा आता हे मान डोलावून ऐकतात. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहून काढायचं होतं.

आधी घडलं काय ते. अमेरिकन बेसबॉलमध्ये मुख्य लीगमध्ये सहा वर्षं भरेपर्यंत खेळाडू आपल्या संघाला बांधलेला असतो, त्यानंतर तो फ्री एजंट होतो, म्हणजे हव्या त्या संघाशी बोलणी करायला मोकळा. बेट्सची ती मुदत २०२० च्या मोसमानंतर संपत होती. त्याआधीच, २०२० च्या फेब्रुवारीत, रेड सॉक्सनं त्याला आणि डेव्हिड प्राइस या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) डॉजर्सकडे दिलं. बदल्यात अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग आले. प्राइसच्या कराराचे ९ कोटी ६० लाख डॉलर उरले होते, त्यातली निम्मी रक्कमही रेड सॉक्सनंच भरायचं कबूल केलं.

आता "राहणारच नव्हता" हा मुद्दा. बाकी सगळं यावरच उभं आहे, म्हणून इथे थांबायला हवं.

बेट्सनं बोस्टनचे प्रस्ताव नाकारले, हे खरं आहे. तेव्हाच्या बातम्यांनुसार संघानं त्याला १० वर्षांसाठी ३० कोटी डॉलर देऊ केले होते आणि त्याच्या बाजूनं १२ वर्षांसाठी ४२ कोटींचा आकडा आला होता. दावा करणारे नेमके इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, किती अवाजवी मागणी. पण पुढे काय झालं? २२ जुलै २०२० ला त्यानं डॉजर्सशी करार केला: १२ वर्षं, साडेछत्तीस कोटी डॉलर. करोनामुळे लांबलेला मोसम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. म्हणजे डॉजर्सकडून मोसमातला एकही सामना खेळायच्या आत, आणि फ्री एजंट व्हायच्या तीन महिन्यांहून जास्त आधी, त्यानं सही केली. ज्याला म्हणे काहीही झालं तरी बाजारातच उतरायचं होतं, तो बाजारात उतरलाच नाही.

आणि आकडा बघा. ३० आणि ४२ यांच्या मधोमध ३६ येतात. त्याच्या अर्धा कोटी वर सौदा झाला. मंडईत भाजी घेणारा माणूसही एवढं ओळखतो की दोन आकडे बोलले गेले की मधला आकडा शोधायचा असतो. करोनामुळे सगळ्यांचीच गणितं बदलली आणि म्हणून तो खाली आला, असं उत्तर मिळतं. असेलही. पण तसं असेल तर तो बोस्टनसाठीही खाली आला असता. त्या जुलैमध्ये त्याच्याशी बोलायला बोस्टनजवळ बेट्सच नव्हता, आणि हा निर्णय बोस्टनचा होता, त्याचा नव्हे.

तो आधीच्या प्रस्तावांना नाही म्हणाला याचा काहींना आजही राग आहे. मला तो राग कळतच नाही. २०११ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात त्यात, पाचव्या फेरीत घेतलेला हा नॅशव्हिलचा पोरगा. २०१८ मध्ये त्यानं .३४६ ची सरासरी राखली, ३२ होमरन मारले, ३० बेस चोरले आणि अमेरिकन लीगचा (दोन मुख्य लीगपैकी एक, रेड सॉक्स हिच्यातच खेळतात) सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्या वर्षी संघ १०८ सामने जिंकला आणि वर्ल्ड सिरीजही. सहा वर्षं बांधून ठेवणारा नियम मालकांच्या फायद्याचा आहे. ती मुदत संपत आली असताना खेळाडूनं आपली किंमत मागितली, तर त्यात बेइमानी कुठे आली?

"फुकट गमावण्यापेक्षा बरं." ठीक, मिळालं काय ते मोजू. भविष्यातला मोठा खेळाडू म्हणून ज्याचं नाव घेतलं गेलं तो डाउन्स बोस्टनकडून २०२२ मध्ये १४ सामने खेळला आणि त्याच डिसेंबरात संघानं त्याला सोडून दिलं. वाँग कॅचर आहे, २०२४ मध्ये त्याची बॅट चांगली चालली, पुढच्या वर्षी पार थंड पडली. व्हर्डुगो चार मोसम बरा खेळला, आणि २०२३ च्या डिसेंबरात त्याला पाठवलं कुठे, तर आमच्या जुन्या वैऱ्यांकडे, यँकीजकडे. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा शेवटचा गडी तोच होता, डॉजर्सच्या बुएलरचा चेंडू हुकून स्ट्राइकआउट, म्हणजे बाद. समोर मैदानात डॉजर्सच्या जर्सीत बेट्स नाचत होता. बेट्ससाठी आलेला मुख्य माणूस आणि स्वतः बेट्स, दोघं एकाच सामन्यात, आणि दोघांपैकी एकही आपला नाही. तो सामना बघताना मला बोलायला सुचलं नव्हतं.

एवढं कमी का मिळालं, हा प्रश्न मात्र क्वचित विचारला जातो. उत्तर आहे डेव्हिड प्राइस. २०१५ च्या डिसेंबरात त्याला ७ वर्षांचा २१ कोटी ७० लाखांचा करार दिला होता, आणि तो आता जड झाला होता. तो कुणी सहजी घेणार नव्हतं, म्हणून तो बेट्सच्या गळ्यात बांधून पाठवला. बेट्ससारखा खेळाडू एकटा बाजारात ठेवला असता तर डॉजर्सनं, किंवा दुसऱ्या कुणीतरी, जास्त चांगले तरुण खेळाडू दिले असते. बेट्सच्या किमतीतला मोठा हिस्सा प्राइसचं ओझं उतरवण्यात खर्ची पडला. "जास्तीत जास्त मोबदला मिळवला" असं म्हणणाऱ्यांनी निदान ही बाजू तरी सांगावी.

तिथून आपण कराकडे येतो, आणि माझ्या मते खरं कारण इथेच आहे.

बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी सगळ्या संघांना सारखी खर्चाची मर्यादा नाही. हवा तेवढा खर्च करा, पण एका ठरलेल्या रकमेच्या वर गेलात तर वरच्या रकमेवर कर भरा. लोक त्याला लक्झरी टॅक्स म्हणतात. २०२० साली ती रेषा २० कोटी ८० लाख डॉलरवर होती. रेड सॉक्स २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ दोन वर्षं रेषेच्या वर होते. सलग तिसऱ्या वर्षी दर ५० टक्के होतो, आणि एक वर्ष खाली आलं की पुन्हा पहिल्यापासून, २० टक्क्यांपासून मोजणी सुरू होते. मालक जॉन हेन्री यांनी २०१९ च्या सप्टेंबरातच सांगितलं होतं की पुढच्या वर्षी रेषेखाली जायचंय. पुढे त्यांनी हे उद्दिष्ट आहे, सक्ती नाही, अशी दुरुस्ती केली. पण ऑक्टोबरात टँपा बेहून चाइम ब्लूम यांना संघबांधणी सांभाळायला आणलं आणि फेब्रुवारीत बेट्स गेला.

हिशोब करून बघा. समजा संघ रेषेच्या ३ कोटी डॉलर वर राहिला असता. कर फक्त त्या वरच्या ३ कोटींवर, म्हणजे साधारण दीड कोटी, वर थोडा अधिभार. ही रक्कम लहान आहे असं मी म्हणत नाही. पण ती पेलवत नाही म्हणून आपल्या घरात वाढलेला लीगचा सर्वोत्तम खेळाडू द्यावा लागावा, इतकी मोठी ती फेनवे पार्कच्या (रेड सॉक्सच्या मैदानाच्या) मालकांना नक्कीच नव्हती. याच मालकांच्या समूहाकडे लिव्हरपूल आहे, आणि २०२१ मध्ये त्यांनी पिट्सबर्ग पेंग्विन्स हा आइस हॉकीचा संघही विकत घेतला.

आणि पैसे गेले कुठे? बेट्सचा २०२० चा पगार २ कोटी ७० लाख होता. त्याआधी सँडोवालला ९ कोटी ५० लाखांचा आणि कॅस्टियोला सव्वासात कोटींचा करार दिला गेला. २०१९ च्या मार्चमध्ये ख्रिस सेलला १४ कोटी ५० लाखांची मुदतवाढ दिली, आणि साधारण वर्षभरानं त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. सेल मला आवडायचा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण पैसे होते आणि ते दुसरीकडे गेले, ही गोष्ट "पैसेच नव्हते" या वाक्यात लपून जाते.

करशिस्तीच्या गोष्टीचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०२२ मध्ये रेड सॉक्स ७८-८४ असे खेळून गटात तळाला राहिले, आणि त्याच वर्षी थोडक्या रकमेनं कराच्या रेषेच्या वर गेले. त्या डिसेंबरात आमचा शॉर्टस्टॉप झँडर बोगार्ट्स सॅन दिएगोला गेला, ११ वर्षं आणि २८ कोटींवर. तुमचा फ्री एजंट गेला तर भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये जादा निवड मिळते, पण रेषेच्या वर असाल तर ती खूप खालची मिळते. बोगार्ट्ससाठी आम्हाला चौथ्या फेरीनंतरची निवड मिळाली. "फुकट गमावू नये" म्हणून बेट्स दिला त्याच संघाची ही गोष्ट.

"२०२१ मध्ये सावरला." हो, २०२१ मध्ये संघ ९२ सामने जिंकून अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला, ह्यूस्टनकडून हरला. मीही तेव्हा घसा बसेपर्यंत ओरडलोय. पण तो संघ कुणाचा होता? डेव्हर्स, बोगार्ट्स, मार्टिनेझ, इओवाल्डी. चौघेही बेट्सच्या २०१८ च्या संघातले. बेट्स देऊन जे आलं त्यानं तो मोसम घडवला नाही. आणि त्याच्या आजूबाजूची वर्षं धरा: २०२० तळाला, २०२२ तळाला, २०२३ तळाला.

राहिला बारा वर्षांचा करार. यातली काळजी मी खोटी म्हणणार नाही. बेट्स २०२५ च्या ऑक्टोबरात ३३ चा झाला, त्या वर्षी त्याची सरासरी .२५८ वर आली. मोसमाच्या तोंडावर आजारी पडून त्याचं वजन बरंच उतरलं होतं, तरीही ते वर्ष फलंदाजीचं म्हणून कमजोरच. करार २०३२ पर्यंत आहे आणि शेवटची काही वर्षं डॉजर्सना महाग पडतील. पण लांब करारात शेवटच्या वर्षांचे पैसे पहिल्या वर्षांसाठीच मोजलेले असतात. बेट्स आल्यापासूनच्या सहा मोसमांत डॉजर्सना तीन विजेतेपदं मिळाली, २०२३ मध्ये ३९ होमरन मिळाले आणि राइट फील्ड सोडून शॉर्टस्टॉपला जा म्हटल्यावर जाणारा माणूस मिळाला. आणि लांब करार नकोत हे तत्त्व असेल, तर २०२३ च्या जानेवारीत डेव्हर्सला १० वर्षांचे ३१ कोटी ३५ लाख का दिले? तोही अडीच वर्षं टिकला नाही, २०२५ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला.

एक गोष्ट आकड्यात मावत नाही. १२ जुलै २०१८, फेनवे. माझे वडील नाशिकहून आले होते, त्यांना सामन्याला घेऊन गेलो होतो. बेसबॉलचा त्यांना गंध नव्हता. टोरांटोचा हॅप टाकत होता, बेसेस भरलेले, समोर बेट्स. तो एकेक चेंडू फाउल करत राहिला. बाबांनी क्रिकेटच्या सवयीनं बोटांवर चेंडू मोजायला सुरुवात केली. सहा झाल्यावर म्हणाले, "अजून ओव्हर संपली नाही?" दहाव्याला आजूबाजूचे लोक उभे राहिले, बाबाही राहिले. तेराव्या चेंडूवर बेट्सनं तो ग्रीन मॉन्स्टरवरून, म्हणजे फेनवेच्या उंच हिरव्या भिंतीवरून, पलीकडे पाठवला. ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा. बाबांनी शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्याला मिठी मारली. त्यांना नियम आजही कळत नाहीत, पण बेट्स कळतो.

म्हणून "तो जाणारच होता" हे वाक्य मला टोचतं. त्यात दोष हळूच खेळाडूवर सरकवला जातो, आणि ज्यांनी तो निर्णय घेतला ते सुटतात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो डॉजर्सकडून पहिल्यांदा फेनवेवर आला तेव्हा अख्खं मैदान त्याच्यासाठी उभं राहिलं. सोडून गेलेल्या माणसासाठी या शहरात असं कुणी उभं राहत नाही. स्टँडमधल्या लोकांना कोणी कोणाला सोडलं ते पक्कं ठाऊक होतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संघानं रोमन अँथनी या २१ वर्षांच्या पोराला ८ वर्षांचा १३ कोटींचा करार दिला, मुख्य लीगमध्ये येऊन त्याला दोन महिनेही झाले नव्हते. मला त्याचा मनापासून आनंद आहे. तो करार संपत येईल तेव्हा अँथनी तिशीच्या उंबरठ्यावर असेल, आणि तोवर तो बेट्ससारखा झाला असेल तर त्याचा आकडाही तसाच मोठा असेल.