बंदचाही पंचनामा करा

आज, ३ ऑगस्ट २०२१ ला, दुपारी चार वाजून गेल्यावर दादाला दंड झाला. कोरोनाच्या निर्बंधांत चारनंतर दुकान उघडं ठेवलं म्हणून. दुकानात विकायला होतं काय, तर कृष्णामाईचा गाळ.

डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरका.

ज्यांनी पूर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पाणी उतरतं, गाळ राहतो. आणि तो ओला आहे तोवरच निघतो, वाळला की सिमेंट. दादाचं साड्यांचं दुकान आहे, सांगलीत मारुती रोडच्या बाजूला आत एका बोळात. २०१९ मध्ये पोळल्यामुळे यावेळी त्यानं माल आधीच माळ्यावर चढवला होता, तरी खालच्या दोन फळ्या राहिल्याच. भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ अजून दिसते, तिच्या दोन हात खाली आता यंदाची. गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये गाळ, फॉलच्या डब्यात गाळ, शटर ज्या खाचेतून सरकतं त्या खाचेत गाळ. ती खाच आम्ही खराट्याची एकेक काडी घालून साफ करत होतो, कारण शटर अर्ध्यात अडकत होतं. धुवायला टँकर सकाळी येणार होता, तो आला साडेतीनच्या पुढे. सगळ्या पेठेलाच टँकर हवाय, त्याचा तरी काय दोष. दादा, वहिनी, दुकानातली दोन पोरं आणि मी, पाईप धरून कामाला लागतोय तोच चार वाजले आणि गाडी आली.

"शटर वर का आहे?"

"साहेब, धुतोय. विक्री नाही."

"वेळ चारपर्यंत आहे."

"शटर खाली घेऊन आतला गाळ बाहेर कसा काढू, तेवढं सांगा."

ते नाही सांगितलं. पावती फाडली. दादानं पैसे दिले, पावती घडी घालून खिशात ठेवली आणि शटर खाली ओढायला गेला, तर ते अर्ध्यात अडकलं. मग पावती फाडणाऱ्यानंच हात लावला आणि दोघांनी मिळून ते बसवलं. हसावं की रडावं कळेना.

आता मुद्द्यावर येते. काल, म्हणजे २ ऑगस्टला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे इथेच होते. भिलवडीला गेले, पूरग्रस्तांना भेटले. आणि कालच शिथिलतेचा आदेश निघाला. बहुतेक जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत, शनिवारी तीनपर्यंत, रविवारी बंद. ११ जिल्हे वगळले. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, नगर, बीड, रायगड, पालघर. आता ही यादी परत वाचा आणि गेल्या पंधरवड्यात कुठे कुठे पाणी शिरलं ते आठवा. चिपळूण कुठल्या जिल्ह्यात? महाड कुठल्या? ज्यांच्या दुकानात गाळ आहे त्यांनी चारला बंद करायचं, आणि नाशिक-नागपूर आठपर्यंत.

हो, माहितीये मला. आमचा पॉझिटिव्हिटी रेट, म्हणजे तपासलेल्यांत बाधित निघण्याचं प्रमाण, जास्त आहे. पूर बघून विषाणू परत जात नाही. मान्य. एका ओळीत मान्य करते आणि पुढे जाते.

कारण माझं भांडण त्या आकड्याशी नाहीच. कोरोनाची भीती आम्हाला शिकवायची गरज नाही. मार्च २०२० मध्ये अख्खा महाराष्ट्र टाळ्या-थाळ्या वाजवत होता तेव्हा आमच्या जिल्ह्यात इस्लामपूर घडत होतं. परदेशातून आलेल्या चौघांपासून सुरू होऊन दोन डझन माणसं बाधित, एकाच गोतावळ्यातली. तेव्हा गावं सील झाली, आम्ही मुकाट घरात बसलो आणि ती साखळी तुटलीसुद्धा. यंदा एप्रिलमध्ये आमच्या काकांसाठी सांगली-मिरज पालथं घातलं तेव्हा ऑक्सिजन बेड या दोन शब्दांचा अर्थ काय असतो तो पुरता कळला. काका वाचले. सगळ्यांचे नाही वाचले. त्यामुळे "तुम्हाला धंदा प्यारा, माणसं नाही" हे वाक्य कुणी माझ्या कमेंटमध्ये लिहिलं तर मी उत्तर देणार नाही, ब्लॉक करीन. आपल्यातल्या कुणालाच माणसं मरायला नकोयत, हे काय परत परत बोलायचं?

तर भांडण कशाशी आहे?

आज मंत्रिमंडळानं पूरग्रस्तांसाठी ११,५०० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. चांगली गोष्ट आहे. हातात किती पडतं ते बघू, पण चांगली गोष्ट आहे. दुकानदाराचाही त्यात विचार आहे. म्हणजे आता पंचनाम्यासाठी माणूस येईल, दादाच्या भिजलेल्या साड्या बघेल, भिंतीवरची रेघ बघेल, फोटो काढेल, कागदावर लिहील. कारण नुकसान पाण्यानं झालंय.

आणि एप्रिलपासून जे झालं ते? तिथे पाणी नव्हतं, तिथे आदेश होता. त्याचा पंचनामा कुणी केला? नदीनं केलेलं नुकसान सरकार मोजतं. सरकारच्या आदेशानं झालेलं नुकसान मोजायला एक तलाठी कुणाच्या दारात आलेला मी पाहिला नाही. आणि दादाला विचाराल तर दोन्हीत मोठं नुकसान कुठलं? तो न थांबता सांगेल, बंदचं. पुराचं पाणी आठवड्यात उतरलं.

मी दुकानदारांचे हिशेब लिहिते, रिटर्न भरते, हे बहुतेकांना माहितीये. गेल्या वर्षापासून माझ्या टेबलावर काय येतंय ते मला विचारा. साड्यांचं दुकान वर्षभर चालत नसतं. ते पाडवा, लग्नसराई, अक्षय्य तृतीया, ईद, मग गणपती-दिवाळी एवढ्यावर जगतं. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, म्हणजे देशभर कुलूप लागलं तो पहिलाच दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, तेव्हा दुकानं आधीच बंद, आणि त्याच रात्री कडक निर्बंधांची घोषणा. यंदा अक्षय्य तृतीया आणि ईद एकाच दिवशी आली, १४ मे. असा दिवस दुकानदार वर्षभर मनात धरून ठेवतो. शटर बंद. लग्नाच्या बस्त्याचा माल जानेवारीतच भरलेला असतो, सुरतेच्या व्यापाऱ्याला उधारी द्यायची असते, तो काय सरकारचा "ब्रेक द चेन"चा आदेश आला म्हणून थांबतो? भाडं थांबलं? वीजबिलातला स्थिर आकार थांबला? बँकेचा हप्ता गेल्या वर्षी ऑगस्टपर्यंत पुढे ढकलता आला, पण व्याज चढतच होतं.

मदत नाही असं नाही, असं म्हणणारे येतीलच. यंदा एप्रिलमध्ये ५,४७६ कोटींचं पॅकेज आलं. नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षावाले, फेरीवाले यांना १५०० रुपये. शिवभोजन थाळी फुकट. बरं केलं, त्यांना आधी द्यायलाच हवं होतं. पण दादाच्या दुकानातली जी दोन पोरं आज पाईप धरून उभी होती ती यातल्या कुठल्या रकान्यात बसतात? कुठल्याच नाही. त्यांना एप्रिल-मेचा अर्धा पगार दादानं दिला, वहिनीच्या पाटल्या गहाण ठेवून. हे तिला न विचारता लिहितेय, उद्या ओरडा खाईन. आणि केंद्राचं काय, तर हमीशिवाय कर्ज, तीन लाख कोटी. अहो, ज्याची विक्री बंद केली त्याला तुम्ही कर्ज देता, आणि ती मदत?

बरं, ब्रिटननं घरी बसवलेल्या कामगारांचा ८० टक्के पगार सरकारी तिजोरीतून दिला. आपली तिजोरी ब्रिटनची नाही, हेही मान्य. पण तिजोरी लहान असेल तर हिशेब जास्त नीट करायचा असतो, की करायचाच नसतो?

(मध्ये उठून जेवून आले. आई म्हणाली फोन ठेव. आता जरा शांतपणे लिहिते.)

मला वाटतं गोची इथेच आहे. "आरोग्य की अर्थव्यवस्था" असा वाद टीव्हीवर दीड वर्ष चाललाय. त्यात अर्थव्यवस्था म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे शेअर बाजार येतो, नाहीतर जीडीपी गेल्या वर्षी पहिल्या तिमाहीत २३.९ टक्क्यांनी पडला तो आलेख. दादा त्या आलेखात कुठे आहे? आणि निर्णय घेणाऱ्यांपैकी, त्यावर टीव्हीवर बोलणाऱ्यांपैकी आणि (राग मानू नका) माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या निम्म्यांपैकी एकाचाही पगार दुकान बंद झाल्यामुळे थांबलेला नाही. "माणसं जगली तर धंदा करता येईल" हे मला जेवढ्या जणांनी ऐकवलंय ते सगळे एक तारखेला पगार होणारे. एक सन्माननीय अपवाद, माझी मामेबहीण. ती सिव्हिलमध्ये नर्स आहे. तिनं ते म्हटलं तर मी मान खाली घालून ऐकते. बाकीच्यांनी नको.

दुकान बंद ठेवणं हे सगळ्या गावाच्या आरोग्यासाठी आहे ना? मग बिल एकट्या दुकानदाराच्या नावानं का? एवढंच म्हणणं आहे माझं. बंद ठेवा, लागेल तितके दिवस ठेवा, पण बंद ठेवल्याचा पंचनामा करा. भाडं किती, पगार किती, व्याज किती, गेल्या दोन वर्षांचं रिटर्न बघा, कागद आहेत सगळे. चोर सापडतील त्यात? सापडतील. पुराच्या पंचनाम्यात नाही सापडत?

आणि हे केलंत ना, की एक गंमत होईल. आदेश काढणाऱ्यालाच विचार करावा लागेल की चारऐवजी आठ केलं तर नेमकं काय बिघडतं. आज त्याला फुकट आहे, म्हणून चार. दिवसभराचं गिऱ्हाईक चारच्या आत कोंबलं तर गर्दी कमी होते की वाढते, हे सांगायला साथरोगतज्ज्ञ लागत नाही, सोमवारी सकाळी पेठेत उभं राहिलं तरी पुरे. शनिवार-रविवार बंद म्हणून सोमवारी झुंबड. दारूची दुकानं गेल्या वर्षी ४ मेलाच उघडली, कारण तिथे तिजोरीला तोटा कळत होता. तोटा आपला असला की माणूस बारकाईनं बघतो. सरकारही बघतं. मंगळवेढा-पंढरपूरच्या पोटनिवडणुकीच्या सभा यंदा ऐन एप्रिलमध्ये झाल्या. सगळ्याच पक्षांनी घेतल्या, म्हणून कुणीच कुणाला बोललं नाही. इथून कितीसं लांब आहे मंगळवेढा?

लशीचंही तेच. मे महिन्यात १८ ते ४४ वयाचं लसीकरण राज्यात थांबवावं लागलं, कारण लसच नव्हती. दुकानातल्या दोन्ही पोरांचा पहिला डोस अजून व्हायचाय. रोज दीडशे माणसांसमोर उभं राहणाऱ्याला रांगेत पुढे घेतलं असतं तर चार-आठचा हा घोळच हलका झाला असता. असो.

ज्यानं दंड केला त्याच्याबद्दल एक लिहायचं राहिलं. दुपारी मी त्याला मनातल्या मनात बरंच काही बोलले. पण शटरला हात लावायला तो वाकला तेव्हा दिसलं, त्याच्याही पँटला गुडघ्यापर्यंत गाळ होता, वाळलेला. बहुतेक स्वतःच्या घरचा. जाताना दादाला हळूच म्हणाला, "उद्या सकाळी सातलाच सुरू करा." त्याला पावती फाडण्यापलीकडे दुसरा पर्याय कुणी दिलेलाच नाही. त्याच्यावर राग काढून काय उपयोग, त्याच्या हातात पावतीपुस्तक देणाऱ्याला उद्या दुपारी चार वाजता काहीच बंद करायचं नाहीये.

आणि तरी, तो दंड रद्द व्हायला पाहिजे. इथे मी ऐकणार नाही.

पुढच्या सोमवारी श्रावण लागतो. दहा सप्टेंबरला गणपती. दादानं माळ्यावरचा माल खाली घ्यायचा की नाही हे अजून ठरवलेलं नाही.

आता काम. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ, मिरजेतलेसुद्धा, ज्यांची दुकानं आहेत त्यांनी मला इनबॉक्समध्ये एवढंच पाठवा: एप्रिल ते जुलैचं भाडं, कामगारांना दिलेला पगार, बँकेला गेलेलं व्याज, वीजबिल, आणि २०१९ च्या त्याच चार महिन्यांची विक्री. नाव नको असेल तर नाव घालणार नाही. मी तक्ता करते, मला तेवढं येतं. पुराच्या पंचनाम्याला माणूस येईल तेव्हा त्याच्याच हातात त्याची एक प्रत देणार आहे. घेतली तर ठीक, नाही घेतली तर टपालानं पाठवीन, पोचपावतीसह.

कमेंटमध्ये "काळजी घ्या ताई" लिहू नका. भाड्याचा आकडा लिहा.