खुर्चीत बसवून काय होतं?

परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जुना फोटो टाकला. २०१९ साली मुलुंड पोलीस ठाण्यात कर्करोगाने आजारी असलेल्या सात वर्षांच्या मुलाला एक दिवसाचा इन्स्पेक्टर केलं होतं, तो. खाली लगेच सुरू: "पोलिसांना दुसरी कामं नाहीत का?" "फोटोची हौस, दुसरं काय!" आणि आमच्यातला सगळ्यात शहाणा म्हणाला, "आधी औषधपाण्याचं बघा, लाड नंतर."

इकडे ओहायोत रात्रीचे अकरा वाजलेले, सकाळी लवकर उठून ड्राइव्हवेवरचा बर्फ काढायचा, आणि मी अंगठ्याने निबंध लिहीत बसलो.

हे 'आधी-नंतर' माझ्या डोक्यात जातं. इन्स्पेक्टरसाहेबांनी तो एक तास खुर्ची दिली नसती, तर केमोचं बिल भरलं गेलं असतं का? शिवाय ही सोय फक्त मरणाच्या दारातल्या मुलांसाठी असते, असं सगळे धरूनच चालतात. आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या मेक-अ-विश या संस्थेला गंभीर आजार पुरेसा असतो, आणि इच्छा पुरी झालेली बरीचशी मुलं पुढे चांगली मोठी होतात.

सगळं सुरू झालं १९८० साली ॲरिझोनात. ल्युकेमिया झालेल्या सात वर्षांच्या क्रिसला पोलीस व्हायचं होतं. तिथल्या पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून फिरवलं, त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला. पण मला भावतो तो पुढचा भाग. त्याला मोटरसायकलवाल्या पोलिसांचा बिल्ला हवा होता. तो त्याला सहज दिला नाही. त्याच्या बॅटरीवरच्या छोट्या मोटरसायकलसाठी शंकू मांडून रीतसर परीक्षा घेतली. सुया टोचून घेणं एवढंच ज्याच्या वाट्याला आलं होतं, त्या पोराने काहीतरी कमावलं. त्यानंतर काही दिवसांतच, मे महिन्यात तो गेला.

आमच्या शहाण्याला पुरावा लागतो, म्हणून तोही टाकला. इथल्याच, कोलंबसच्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी इच्छा पुरी झालेल्या आणि न झालेल्या मुलांची तुलना केली. पहिल्या गटाला अचानक दाखल करावं लागण्याची आणि इमर्जन्सीत धावण्याची वेळ कमी आली. इस्रायलमध्ये झालेल्या, २०१६ साली छापून आलेल्या अभ्यासात कर्करोग झालेल्या मुलांमधली चिंता आणि उदासी कमी झालेली दिसली, आशा वाढलेली दिसली. इच्छेने गाठ विरघळते असं कुणीच म्हणत नाही. पण वाट बघायला काहीतरी असलं की पोरगं गोळी घेताना कमी भांडतं, हे कुठलीही नर्स सांगेल.

यावर उत्तर आलं, "तुमच्याकडे पैसा आहे, तुम्हाला सुचतं." मेक-अ-विश भारतात १९९६ पासून आहे, तीही मुंबईत, हे त्याला सांगितलं. बंगळुरूत २०२२ साली दोन आजारी मुलांना एक दिवस डीसीपी केलं, तेही सांगितलं. त्याचा तो 'आधी औषधपाणी'वाला आक्षेप इकडे पीटर सिंगर या तत्त्वज्ञानेही घेतला होता, हे मात्र मी सांगितलं नाही. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोत ल्युकेमियातून सावरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलासाठी अख्खं शहर बॅटमॅनची नगरी झालं, तेव्हा त्याने वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं की एका इच्छेला सरासरी साडेसात हजार डॉलर लागतात, तेवढ्यात मलेरियापासून जीव वाचतील. इथे उपचारांच्या बिलांसाठी लोक गोफंडमी या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर हात पसरतात, तेही मी गाळलं. तो वेगळा विषय आहे.

माझा मुद्दा विचारण्याचा आहे. इथे मी असल्या कामात स्वयंसेवक आहे. आम्ही दोघं जातो, मुलाच्या उंचीला येऊन बसतो आणि विचारतो, तुला काय हवं? आई मधेच बोलली, तर हसून तिला थांबवतो. एका मुलीने बराच वेळ छताकडे बघून आधी एवढंच विचारलं, "खरंच माझं मी ठरवायचं?" आपल्याकडे आजारी मुलाच्या खाटेभोवती प्रेमाची कमतरता नसते. मामा रजा टाकून येतो, आत्या रात्र काढते. कुठली शीर, कुठला डॉक्टर, शाळेत काय कळवायचं, सगळं ठरवायला माणसं असतात. त्या मुलाला कुणी विचारत नाही. त्याच्यासमोर आजाराचं नावही घेत नाहीत.

हे लिहिणं सोपं आहे. माझ्या चुलतभावाच्या मुलीचं डायलिसिस चालू आहे. फोनवर वहिनीला म्हटलं, "तिला काय हवंय, जरा तिलाच विचारू का?" वहिनी म्हणाल्या, "तिला काही नको हो भावजी, तुम्ही आठवण ठेवलीत तेच खूप." मी "बरं" म्हटलं. इथल्या आईला मी हसून थांबवलं असतं. पण इथे माझ्या गळ्यात ओळखपत्र असतं, आणि तिथे मी व्हिडिओ कॉलवरचा, अधूनमधून पैसे पाठवणारा अमेरिकेतला काका. हॉस्पिटलच्या रांगेत उभं राहणाऱ्यांच्या घरात मधे बोलायचा हक्क मला उरलाय का, याची खात्री नाही. ग्रुपवर भांडायला तो लागत नाही.