काटे काढून बांगडा द्या
मोठ्या, धावपळ्या कुत्र्याला फक्त महागडं पाकिटातलंच खाणं द्या, हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. आमचा लॅब्रॅडॉर ३२ किलोचा, रोज सकाळी हर्णैच्या पुळणीवर तासभर धावतो. पाकीट घेताना मी मागची बाजू वाचते: प्रथिनं किती, यादीत पहिलं नाव मांसाचं की मक्याचं. बाकी निम्मं घरचं. उकड्या तांदळाचा भात, नाचणीची पेज, अंडं, आणि मीठ न घालता उकडलेला बांगडा. काटे बोटांनी चाचपून एकेक काढायचे. मधला काटा अख्खा निघतो, कल्ल्यामागचे बारीक मागे राहतात. खारा मासा नको. आपलं कालवण तर मुळीच नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषच! पिल्लाला मात्र मोठ्या जातीच्या पिल्लांचंच खाणं द्या, कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात.