‘कायले पायजे उंच गाडी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुम्ही वेळ काढून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. रोजच्या वापरासाठी ॲडव्हेंचर ढंगाची गाडी कशी निवडावी, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया अशी होती: “नागपुरात कुठं आला हिमालय? ड्युटीवर जायले उंच गाडी कायले पायजे? सव्वाशे सीसीची घ्या, साठचं ॲव्हरेज घ्या. अन् घ्यायचीच असन तं मंग 450 सीसीची हिमालयन घ्या, समृद्धीवर तरी पळन. भरवशाची भरवशाची म्हणता, पण भरवसा कशाच्या जोरावर ते सांगतच नाही.”

ॲव्हरेजचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. धरमपेठेतून सीताबर्डीला जाऊन येणाऱ्या माणसाला मीसुद्धा सव्वाशेचीच गाडी सांगेन. पण शहराबाहेर बुटीबोरी, मौदा किंवा कळमेश्वरला रोज जाणाऱ्याचा हिशोब वेगळा. दिवसाला 60 किलोमीटर आणि महिन्याला 25 दिवस धरले तर 1500 किलोमीटर होतात. सव्वाशेच्या गाडीला साठच्या ॲव्हरेजने 25 लिटर, ॲडव्हेंचर गाडीला पस्तीसच्या ॲव्हरेजने 43 लिटर. म्हणजे महिन्याला 18 लिटर जास्त, आणि पेट्रोल शंभरच्या वर. अठराशे-एकोणीसशे रुपये ही काही थोडी रक्कम नाही, घर चालवणाऱ्याला ती जाणवते. त्या पैशात काय मिळतं, ते मात्र तुमच्या हिशोबात आलेलं नाही.

आपले सिमेंट रस्तेच बघा. त्यांत साधारण दर चार-पाच मीटरवर आडवा सांधा असतो. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, म्हणजे सेकंदाला दोनदा तरी ठक-ठक. नवा रस्ता असेल तर कळत नाही, पण सांध्यांच्या कडा झिजल्या की प्रत्येक ठोका सीटमधून थेट कमरेत. वर गतिरोधक आणि केबल टाकायला खोदून अर्धवट बुजवलेले चर. साध्या गाडीवर आपण बसून हे सगळं सोसतो. ॲडव्हेंचर गाडीत हँडल रुंद आणि उंच असतं, फूटपेग (पाय ठेवायचे दांडे) बरोबर खाली असतात, त्यामुळे पाठ सरळ राहते आणि खड्डा दिसला की पेगवर किंचित उठता येतं. धक्का मग गुडघे घेतात. शॉकअपची चाल, म्हणजे चाक वर-खाली व्हायची जागाही जास्त: हीरोच्या एक्सपल्स 200 ला पुढे 190 मिलिमीटर, मागे 170. ही सोय हिमालयासाठी केली असेल, पण मणका तर नागपुरातही तोच आहे ना!

आणखी एक गोष्ट. एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. पहिल्या पावसात सिमेंटवर धूळ आणि ऑइलचा थर ओला होतो, तेव्हा मला ब्रेकखाली एबीएस हवंच.

आता 450 कडे येतो. समृद्धीवर दुचाकींना मनाईच आहे, भाऊ. त्या रस्त्यासाठी मोठं इंजिन घेण्यात अर्थ नाही. जबलपूर किंवा हैदराबादच्या हायवेवर 250 ची गाडी नव्वद-शंभरने आरामात चालते. एक्सपल्ससारखी 200 ची गाडी मात्र ऐंशीच्या पुढे ताणू नये, तिथे कंपनं जाणवू लागतात.

मी 450 सुचवली नाही ती वजनामुळे. रॉयल एनफील्डची नवी हिमालयन 450 सुमारे 196 किलोची आहे, एक्सपल्स 159 च्या आसपास, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स 167. एक्सपल्स आणि 450 मधला फरक घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरपेक्षा जास्त भरतो. चालत्या गाडीवर हे वजन कळत नाही. सिग्नलला डाव्या कडेला थांबलात की कळतं. सिमेंटचा रस्ता उंच आणि त्याला लागून बसवलेले पेव्हर ब्लॉक अनेक ठिकाणी दोन-तीन इंच खचलेले. तुम्ही सवयीने डावा पाय टाकता आणि जमीन अपेक्षेपेक्षा खाली निघते. सीट 825 मिलिमीटरवर, गाडी कलली, मागे बायको बसलेली, डिकीत डबा. हलकी गाडी मांडीच्या जोरावर सावरते. 196 किलोची एकदा ठराविक कोनापुढे गेली की तिला कुणीही सावरू शकत नाही. जुनी हिमालयन 411 सीटला सगळ्यांत बुटकी, 800 मिलिमीटर, पण वजन 199 किलो. म्हणून नुसता सीटच्या उंचीचा आकडा बघून गाडी घेऊ नका.

उन्हाळ्याचं तर तुम्हाला काय सांगावं. पारा पंचेचाळीसवर आणि चौकात हिरव्या जाळ्या लावायची वेळ येते तेव्हा लिक्विड-कूल्ड (रेडिएटरमधल्या कूलंटने थंड होणाऱ्या, जशी 450) गाडीचा पंखा इंजिनची सगळी आग नडग्यांवर सोडतो. ऑइल-कूल्ड गाड्याही तापतात, पण इंजिन लहान असल्याने उष्णता मुळात कमी तयार होते. टेस्ट राइड मे महिन्यात, भर दुपारी दोन वाजता घ्या. शोरूमवाले सकाळची वेळ देतील, ती घेऊ नका.

राहिला भरवशाचा प्रश्न. हा तुमचा सगळ्यांत चांगला प्रश्न आहे. माझ्या लेखी भरवसा म्हणजे गाडी बिघडणारच नाही असं नव्हे. बिघडली तर किती दिवस उभी राहील, यावर भरवसा ठरतो. माझी एक आधीची गाडी उत्तम चालायची, पण एका साध्या पार्टपायी अख्खा पावसाळा गॅरेजमध्ये पडून होती. कंपनीचं नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी गाडी बघायला जातो तो आधी स्पेअरच्या काउंटरवर. क्लच केबल, ब्रेक पॅड, एअर फिल्टर, चेन-स्प्रॉकेटचा सेट, हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग): ही पाच नावं सांगायची आणि दोनच गोष्टी विचारायच्या, आज आहे का आणि किती रुपयांना. “मागवून देतो” हे उत्तर दोनदा आलं तर मी ती गाडी सोडून देतो. मग आपल्या भागातल्या मिस्त्रीला विचारायचं, या गाडीला हात लावशील का? खराब रस्त्यावर कोनसेट लवकर जातो, त्यामुळे त्याचा भाव पाठच असायला हवा.

टायरही भरवशातच मोडतो. एक्सपल्सला तारांची चाकं आणि आत ट्यूब. रात्री आठला बुटीबोरीच्या अलीकडे पंक्चर झालं की चाक उतरवणारा शोधा. अलॉय-ट्यूबलेसला किटमधली पट्टी भरून, पंपाने हवा मारून तुम्ही घरी येता. तारांचं चाक जबर खड्ड्यातही तगतं हे खरं, पण रोज ड्युटीवर जाणाऱ्याने ट्यूबलेसच बघावं.

तुम्ही कुठून कुठे जाता ते लिहिलं नाही. बुटीबोरीचा रस्ता असेल आणि उंची साडेपाच फुटांच्या वर असेल, तर मी व्ही-स्ट्रॉम एसएक्स सांगेन: पुढे 19 इंची चाक, अलॉय, ट्यूबलेस, सीट 835. उंची कमी असेल तर होंडाची एनएक्स 200 बघा, 810 ची सीट आणि सुमारे 148 किलो. ती मातीत फार जाणार नाही, पण पाठ सरळ ठेवील. सुट्टीला पेंच-रामटेककडच्या कच्च्या वाटा तुडवायची खरंच आवड असेल, तरच एक्सपल्स. तुमची उंची आणि रोजचे किलोमीटर खाली लिहा, त्यावरून सीट, हँडल आणि टायरच्या हवेचं नेमकं काय करायचं ते सांगतो.