युद्धाला विरोध कसा करावा

वाचकहो, दैवयोगाने आपण उद्या अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेलात आणि आपले मतदार युद्धाला विटलेले निघाले, तर मुळीच घाबरू नये. तिथल्या राज्यघटनेनुसार काँग्रेसच्या मंजुरीवाचून खजिन्यातून एक डॉलरही बाहेर पडत नाही. म्हणजे सरसेनापती राष्ट्राध्यक्ष असले, तरी तिजोरीच्या किल्ल्या आपल्याच कमरेला. युद्ध थांबवायचे तर किल्ली न फिरवणे एवढेच काम उरते, आणि त्याला कोणाची सही लागत नाही. मात्र ही गोष्ट मतदारांपुढे फारशी बोलू नये. एकदा का ती त्यांना कळली की ते ‘मग थांबवा ना!’ म्हणू लागतील, आणि आपण खरोखरच थांबवलेत तर पुढच्या निवडणुकीत ‘यांनी जवानांना वाऱ्यावर सोडले’ हे वाक्य आपल्या नावासह दूरचित्रवाणीवर दिवसातून दहा वेळा ऐकावे लागेल. तेव्हा साप मारल्याचा आवाज व्हावा आणि काठीही वापरावी लागू नये, यासाठी २००७ सालचा कित्ता गिरवावा.

इराक युद्धाच्या रागावर स्वार होऊन डेमोक्रॅट पक्षाने आदल्या नोव्हेंबरात दोन्ही सभागृहे जिंकली होती. जानेवारीत राष्ट्राध्यक्ष बुश यांनी आणखी वीस हजारांहून अधिक सैनिक पाठवण्याचे जाहीर केले आणि खर्चासाठी पुरवणी मागणी मांडली. (युद्ध पाचव्या वर्षात शिरत असतानाही त्याचा खर्च ‘आकस्मिक’ म्हणून मागता येतो, ही सोय आपल्याकडच्या कोणाही अर्थमंत्र्याला हेवा वाटावा अशी आहे.) अशा वेळी पैसे नाकारू नयेत. ते पुरते द्यावेत, वर चार जास्तच द्यावेत, आणि सैन्य माघारीची तारीख शेपटासारखी मागे बांधावी. मते कमी पडू लागली तर पालकाची भाजी कामी येते. त्या मार्चमध्ये प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या मसुद्यात पालक उत्पादकांसाठी २.५ कोटी आणि भुईमुगाच्या साठवणीसाठी ७.४ कोटी डॉलरची तरतूद होती, आणि तो २१८ विरुद्ध २१२ मतांनी तरला. बगदादच्या वाटेवर भुईमूग कुठे लागतो, असे विचारणारा मनुष्य संसदीय कामकाजाला अपात्र समजावा.

यानंतर मुहूर्त पाहावा. सुमारे १२४ अब्ज डॉलरचे अंतिम विधेयक २६ एप्रिलला संमत झाले, पण व्हाइट हाउसमध्ये पोहोचले १ मे रोजी. म्हणजे ‘मोहीम फत्ते’ असा फलक मागे लावून बुश यांनी विमानवाहू नौकेवर भाषण केले, त्याच्या बरोबर चौथ्या वाढदिवशी. कागदाला एवढा उशीर का झाला, हे चाणाक्षांना सांगणे न लगे.

आपण राष्ट्राध्यक्ष असाल तर आपले काम याहून सोपे आहे. विधेयक त्याच संध्याकाळी नकाराधिकार वापरून परत पाठवावे, माघारीची तारीख ठरवणे म्हणजे पराभवाची तारीख ठरवणे असे गंभीर चेहऱ्याने सांगावे, आणि जवानांचे पैसे काँग्रेसने अडवल्याची तक्रार करावी. मंजूर पैसे आपणच परत पाठवले, ही बाब अशा प्रसंगी किरकोळ असते.

मग प्रतिनिधिगृहाने नकाराधिकार झुगारण्यासाठी मतदान घ्यावे. त्याला दोन तृतीयांश मते लागतात. २ मे रोजी बाजूने २२२ आणि विरोधात २०३ पडली. बहुमत आपले, विजय त्यांचा. आणि आपण जिवाचे रान केल्याची नोंद मात्र कायमची. त्यानंतर तीनच आठवड्यांनी तारखेचे शेपूट कापून नवे विधेयक आणावे. किमान वेतनात दहा वर्षांनी होणारी वाढ त्यातच बसवून टाकावी, कारण विधेयकातले एखादेच कलम खोडण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच ठरवले आहे.

राष्ट्राध्यक्ष होण्याची आपली इच्छा असेल, तर शेवटचे मतदान मात्र नीट पाहून करावे. २४ मे रोजी सिनेटमध्ये हे विधेयक ८० विरुद्ध १४ मतांनी संमत झाले. विरोध करणाऱ्या त्या चौदांत हिलरी क्लिंटन होत्या आणि बराक ओबामाही होते. पलीकडे ऐंशी जण ठामपणे उभे असले की माणसाला तत्त्वासाठी निर्धास्तपणे मत देता येते. दुसऱ्या दिवशी बुश यांनी सही केली, आणि पैसे इराककडे निघाले.