घर पडू द्यायचं म्हणजे कोणासाठी?

नमस्कार,

जुन्या शेतघरातल्या पक्ष्यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा रागच आला, म्हणून उत्तराला चार दिवस लावले. तुमचे आक्षेप दोन. माळ्यावरच्या घुबडाच्या पिल्लांचा फोटो मी काढायलाच नको होता, हा पहिला. आणि अशी घरं डागडुजी करून टिकवा, हा माझा आग्रहच चुकीचा. घर सोडून द्यावं, पडू द्यावं, म्हणजे पाखरं सुखानं राहतील, हा दुसरा.

पहिला बिनशर्त मान्य. गव्हाणी घुबडाची मादी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं एकेक अंडं घालते आणि पहिल्यापासूनच उबवायला बसते. त्यामुळे पिल्लांची लहानमोठी उतरंड लागते. ती बघायचा मोह मला आवरला नाही आणि मी शिडी लावली. मोठं घुबड भर दुपारी बाहेर उडालं, कावळे मागे लागले. लेखात हे मी गाळलं होतं, तेच खरं लिहायला हवं होतं. फोटो काढून टाकलाय.

माळ्यावर चढायची गरजही नव्हती. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं नि केस यांची गोळी करून तोंडावाटे टाकतं. तुळईखाली पडलेली गोळी पाण्यात भिजवून सोडवली की नखाएवढ्या कवट्या हाती लागतात, आणि दातांवरून उंदीर कुठला, चिचुंद्री कुठली ते ओळखता येतं. अंधार पडताना अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलं तरी पिल्लांचं फिसकारणं ऐकू येतं. (‘घू घू’ नव्हे, वाफ सुटावी तसा आवाज.)

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. घर सोडून द्यायचं ते कोणासाठी? पारवे राहतील, पाली राहतील, छप्पर आहे तोवर वटवाघळंही. पण या घुबडाच्या नावातच गव्हाण आहे. गोठा, कणगी, मळणीचं खळं, तिथे सांडलेलं धान्य आणि त्यावर येणारे उंदीर, असा त्याचा संसार. शेणावर माश्या येतात, त्या टिपायला भिंगऱ्या. चिमणीचं तर विचारूच नका, माणसं कायमची उठून गेली की तीही फार काळ थांबत नाही.

स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटावरून १९३० साली उरलेली ३६ माणसं निघून गेली. तिथल्या घरउंदरांची एक वेगळी उपजात होती. थोड्याच वर्षांत ती नामशेष झाली, आणि रिकाम्या घरांत रानउंदीर शिरले. निसर्गानं आपलं बघून घेतलं म्हणा हवं तर, पण चूल विझल्यावर त्या घरउंदरांचं काय झालं ते बघा. उत्तर अमेरिकेतल्या माळभिंगऱ्या पूर्वी गुहांमध्ये घरटी बांधायच्या. आता त्यांची बहुतेक सगळी घरटी गोठ्यांत, वळचणीला आणि पुलांखाली असतात.

तुमचं एक खरं, की डागडुजीच बहुधा घात करते. चुन्याच्या भिंतीतल्या फटी सिमेंटनं लिंपतात, झरोक्यांना जाळी ठोकतात, वाशांना वाळवीचं औषध मारतात. वटवाघळं तिथेच लटकलेली असली तर ते त्यांच्या अंगात जातं. पण हा दोष डागडुजी कशी आणि केव्हा केली याचा. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबायचं, काम सुरू करण्याआधी दोन-तीन संध्याकाळी समोर बसून कोण कुठल्या फटीतून बाहेर पडतंय ते मोजायचं, आणि त्या फटींभोवती खडूनं गोल करून ठेवायचे. गवंडी हसतो. हसू दे.

मागच्या भिंतीवर असे अकरा गोल आहेत. त्यातले सात चिमण्यांचे, दोन वटवाघळांचे. उरलेल्या दोनांत कोण राहतं ते अजून दिसलेलं नाही. माळ्याच्या झरोक्याला नवी झडप बसणार होती, ती करवून आणली आहे. सध्या गोठ्यात टेकून ठेवलीय.